सिनेटर आणि आमच्या सोसायटीचा नळ

आमच्या घरात अमेरिकेचा एक सिनेटर वर्षभर राहून गेला. माणूस वारला त्याला शंभर वर्षं होत आली, पण सकाळच्या चहाला रोज हजर. त्याला घरात मीच आणलं होतं. एका प्रकाशकाने परदेशातल्या लोकप्रतिनिधींवर मराठीत छोटी छोटी पुस्तकं काढायचं ठरवलं, आणि मी राज्यशास्त्र शिकवते म्हणून त्यातलं एक माझ्या गळ्यात मारलं. बाकीच्या लेखकांना नावाजलेली माणसं मिळाली. माझ्या वाट्याला हा आला, ज्याचं नाव त्याच्या देशातली मुलंसुद्धा परीक्षेपुरतंच लक्षात ठेवत असतील. इथे मी ते सांगतच नाही, कारण आमच्याकडे त्याला कुणी नावाने ओळखलंच नाही. तो 'आपला सिनेटर' होता.

त्याला 'आपला' केलं ते माझ्या सासऱ्यांनी. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी घोटी, पेठ, सुरगाणा ह्या भागात बंधाऱ्यांसाठी जागा शोधत डोंगर तुडवण्यात घालवली. मला सवय अशी, की लिहिलेलं पान कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते खरं वाटत नाही. नवरा नोकरीमुळे आठवडाभर पुण्याला आणि मुलगी कानात बोंडं खुपसून बसलेली. राहता राहिले बाबा. पहिल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता ऐकलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र मांडीवर आलं. आठवड्याभरात अशी पाळी आली, की मी उठायच्या आत स्वतः चहा टाकून ते टेबलाशी बसलेले असायचे.

"काय म्हणतोय आपला सिनेटर?"

सिनेटर बरंच काही म्हणत होता. गव्हाच्या मुलखातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, शिकून वकील झाला. तिथल्या रेल्वे कंपन्या तेव्हा शेतकऱ्याच्या मालाला मनाला येईल ते भाडं लावायच्या आणि निवडून आलेल्या लोकांना फुकट प्रवासाचे पास देऊन गप्प बसवायच्या. ह्याने पास परत पाठवला आणि खिशातले पैसे घालून तिकीट काढलं. कंपनीवाल्यांना हा अपमान वाटला. त्याच्या पक्षातल्या लोकांना तर जास्तच वाटला, कारण त्यांचे पास त्यांच्या खिशातच होते.

"म्हणजे आपल्याकडे कांदा मातीमोल आणि ट्रकचं भाडं चढं, तसंच की," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून सिनेटर नाशिक जिल्ह्याचा झाला.

पुढे त्याने रेल्वेच्या भाड्याला लगाम घालणारा कायदा करायला लावला. सिनेटर जनतेनेच थेट निवडावा, म्हणून भांडला. बायकांना मत हवं, म्हणूनही भांडला, तेव्हा मी वाचता वाचता थांबून बाबांकडे जरा रोखून पाहिलं आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. पण बाबांना सगळ्यात आवडलं ते त्याचं बोलणं. तिथल्या सभागृहात उभा राहिलेला माणूस बोलत असेपर्यंत त्याला सहसा कुणी खाली बसवू शकत नसे. नको असलेला कायदा लांबवायचा असला, की हा सकाळी उभा राहायचा आणि दिवे लागेपर्यंत बोलायचा. घसा कोरडा पडला की खिशातून लिंबाची फोड काढून चोखायचा. बाबांनी हे पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. खात्यात आयुष्यभर त्यांना साहेबांनी 'थोडक्यात सांगा' हेच ऐकवलं होतं, त्यामुळे त्यांचा आनंद मी समजू शकत होते.

आमच्याकडून सिनेटर तळमजल्यावर जायचा. तिथे काका राहतात. आमच्या इमारतीचा पाया खणला जात होता तेव्हा हे दोघं आपापला फ्लॅट कुठे येणार ते बघायला म्हणून खड्ड्याच्या काठावर भेटले, आणि तेव्हापासून एकमेकांना सोडलेलं नाही. काका बागलाणातले, बँकेत होते, नामपूरच्या शाखेतून निवृत्त झाले. शांत असले की शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात आणि डोकं फिरलं की अहिराणीवर येतात. रोज सकाळी दोघं कॅनॉल रोडला फिरायला जात आणि बाबा त्यांना माझं प्रकरण तिखटमीठ लावून ऐकवत. तळमजल्यावर पोचेपर्यंत सिनेटरला मिशा फुटलेल्या असायच्या.

"सूनबाई, तुमचा सिनेटर हेकट आहे," काका मला लिफ्टपाशी म्हणायचे. "अशा माणसाशी संसार करणं कठीण." बाबांवर त्यांचा रोख असायचा हे सांगायला नको.

सोसायटीत ह्या दोघांचं एक ठरलेलं होतं. काका अध्यक्ष. सभेत प्रत्येक ठराव काका मांडणार आणि बाबा लगेच खुर्चीतून अर्धवट उठून म्हणणार, "माझं अनुमोदन." मग सगळे "मंजूर" म्हणणार आणि बटाटेवडे येणार. अध्यक्षांनी स्वतः ठराव मांडायचा नसतो असं मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा म्हणाले होते. सगळ्यांनी माझ्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघितलं आणि वडा पुढे केला. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी कधी अनुमोदन दिलं नाही. ते बाबांचं कामच होतं, जसं जिन्यातला दिवा लावणं वॉचमनचं.

आणि मग नळाचा ठराव आला.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूने एक नळ आहे. म्हणजे होता. इमारत बांधताना गवंड्यांसाठी काढलेला, तो पुढे तसाच राहिला. येणारेजाणारे त्याला पाणी पीत. पेठच्या बाजूने रानभाज्या घेऊन येणाऱ्या बायका बसमधून उतरल्या की आधी तिथे तोंड धूत, बाटल्या भरत आणि मग कोपऱ्यावर बसत. पण त्या वर्षी मार्चमध्येच पाण्याची ओढाताण सुरू झाली. दुपारी टाकी रिकामी व्हायची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना बादली घेऊन खाली यावं लागायचं. त्यातच कुणीतरी आमच्या नळावर अख्खी रिक्षा धुऊन गेला. काकांनी ते स्वतः पाहिलं. ते अहिराणीत ओरडत बाहेर धावेपर्यंत रिक्षा चकचकीत होऊन निघून गेली होती. काकांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

मात्र नेमकं त्याच आठवड्यात आमच्याकडे सिनेटरचं युद्धाचं प्रकरण चालू होतं. सगळा देश लढाईत उतरायला निघालेला, रस्त्यांवर बँड वाजतायत, आणि हा सभागृहात उभा राहून 'नाही' म्हणाला. त्याच्यासारखे आणखी होते, पण बोटांवर मोजण्याइतके. त्याच्या गावात त्याचा पुतळा जाळला. न्हाव्याने दाढी करायला नकार दिला. आणि शेजारच्या बाकावरचा त्याचा जिवलग मित्र, ज्याच्याकडे दर रविवारी दोन्ही कुटुंबं जेवायची, तो दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे न बघता पुढे गेला. बाबांचा हात कपाकडे गेलाच नाही. चहा तसाच गार झाला.

सभा पार्किंगमध्ये होती. काकांनी ठराव मांडला, बाहेरचा नळ कायमचा बंद करावा. आणि सवयीने बाबांकडे बघितलं. बाबा उठले. पूर्ण उठले, तिथेच मला शंका आली.

"माझा विरोध आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

कुणाला काही कळेना. काकांना वाटलं चेष्टा आहे, ते हसले. बाबा हसले नाहीत. मग काका म्हणाले, "बरं. दुसरं कुणी अनुमोदन देतं का?" आणि इथे अशी गंमत झाली जी फक्त आमच्याच सोसायटीत होऊ शकते. नळ बंद व्हावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण अनुमोदन कसं देतात हे कुणालाच माहीत नव्हतं. उभं राहायचं का, नाव सांगायचं का, आणि बाबांच्या देखत बाबांचं काम आपण कसं करायचं? एकजण मोबाइलमध्ये बघायला लागला. एकीने पदर सावरला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या म्हणाल्या, "द्या ना कुणीतरी," आणि स्वतः गप्प बसल्या. अनुमोदक नाही म्हणून ठराव पडला. सिनेटरला जन्मात जे जमलं नाही ते बाबांनी तीन शब्दांत केलं.

मला इतकं हसू येत होतं की मी वड्यांच्या ताटाकडे तोंड वळवलं. पण काका वडा न खाता घरात गेले आणि दार लावून घेतलं. जाताना स्वतःशीच अहिराणीत म्हणाले, "काय शे हाई!" म्हणजे, काय आहे हे!

दुसऱ्या दिवशी काका एकटेच फिरायला गेले. बाबा गेलेच नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. तो गुडघा दिवसभर गॅलरीत उभं राहून तळमजल्याकडे बघताना मात्र दुखत नव्हता.

"अहो, पण नळाचं एवढं काय?" मी विचारलं. मी जरा चिडले होते, कारण घरात त्यांच्या उसाशांनी माझं लिहिणं होईना.

"मी सर्व्हेला त्या डोंगरात हिंडायचो," बाबा म्हणाले. "कुठल्याही घराच्या दारात उभा राहिलो की आधी तांब्या पुढे यायचा, मग नाव विचारायचे. बाया ते पाणी कुठून आणायच्या हे मला माहीत होतं, मी तो झरा मोजलेला होता. त्यांनी कधी विचारलं नाही की तू कुठल्या सोसायटीचा." आणि मग एकदम म्हणाले, "त्या मित्राचं पुढे काय झालं?"

"कोणत्या?"

"सिनेटरच्या. परत बोलला का तो?"

मी म्हणाले, मला माहीत नाही, अजून शोधलं नाही. संध्याकाळी दळण घेऊन येत होते तर काका गेटपाशी उभे. इकडचं तिकडचं बोलले. द्राक्षांचा भाव, मुलीची परीक्षा. मग छपरावरच्या टाकीकडे बघत म्हणाले, "त्या तुमच्या सिनेटरचा मित्र होता ना एक, शेजारच्या बाकावरचा. त्यांचं जमलं का पुढे?"

तेव्हापासून माझी अवस्था विचारू नका. दोन म्हातारे एकमेकांशी बोलत नव्हते आणि दोघेही मला एका मेलेल्या अमेरिकन माणसाची खुशाली विचारत होते. सकाळी वर एक, संध्याकाळी खाली एक. प्रकाशक शेवटचं प्रकरण मागत होता, ज्यात सिनेटरचा वारसा यायला हवा होता, आणि मला तर ह्या मित्राशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. काय मागे राहिलं त्याचं? भाड्याचा कायदा पुढे बदलला गेला. पुतळा कुठेतरी उभा असेल, त्यावर कबुतरं बसत असतील. मी जुनी भाषणं, आठवणी, जे जे संगणकावर मिळालं ते वाचत सुटले. आणि मनात ठरवून टाकलं होतं, दिलजमाई झाली असेल तर त्याच दिवशी दोघांना एकत्र चहाला बोलवायचं.

मिळालं, पण हवं ते नाही. दोघे कधीच बोलले नाहीत. कित्येक वर्षं शेजारशेजारच्या बाकांवर बसले, एकमेकांच्या कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, आणि एक शब्द नाही. मग सिनेटर वारला. तिथे रिवाज असा, की सदस्य गेला की त्याच्या आठवणीत सभागृहात भाषणं करतात. त्या दिवशी मित्र उठला आणि खूप वेळ बोलला. हा आमच्यातला सगळ्यात सरळ माणूस होता, तो चुकला तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला, असं सगळं. भाषण इतकं सुंदर होतं की वाचताना माझे डोळे भरून आले, आणि मला त्या मित्राचा भयंकर रागही आला.

बाबांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले आणि देवघरातली निरांजनं घासत बसले. ती मी कालच घासली होती.

काकांना खाली जाऊन सांगितलं. ते कुंड्यांना पाणी घालत होते, मोजून एकेक तांब्या.

"बोलला म्हणता ना, मग झालं की," ते म्हणाले.

"बोलला, पण तो गेल्यावर."

"गेल्यावर?"

"हो. त्याच्या रिकाम्या बाकाशेजारी उभा राहून."

काकांनी तांब्या खाली ठेवला. "मग काय उपयोग त्याचा?" म्हणाले. जणू काही ते भाषण मीच उशिरा ठेवलं होतं. आणि आत निघून गेले.

एप्रिल संपता संपता विशेष सभा बोलावली. ह्या वेळी तयारी पक्की होती. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी अनुमोदन द्यायचं असं ठरलेलं, त्यांनी दिलंही, अगदी शाळेत हजेरी द्यावी तसं खणखणीत. बाबांनीही तयारी केली होती. ते बोलायला उठले तेव्हा सदऱ्याच्या खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेली लिंबाची फोड काढली आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाबा बोलले. पाणी कुठून येतं तिथपासून सुरुवात केली. धरण, कालवा, टाकी, मग पेठचे डोंगर, तो झरा, तो तांब्या. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी आदल्या दिवशी त्यांना काय म्हणाली तेही सांगितलं, "बाबा, नळ बंद करनार म्हनं? मंग आमी पानी कुठं प्यावं?" लिंबू चोखून पुन्हा बोलले. दहा मिनिटं ऐकताना सगळ्यांना बरं वाटलं. त्यानंतर खुर्च्या वाजायला लागल्या. वडे गार झाले, चटणीवर माशी बसली. शेवटी एकजण म्हणाला, "साहेब, थोडक्यात."

"अध्यक्ष मी आहे," काका म्हणाले. "बोलू दे त्याला."

बाबा जरा चाचरले. महिन्याभरात काका त्यांच्याबद्दल काही बोललेले ते पहिलंच वाक्य. मग ते पुन्हा बोलत राहिले, पण आता त्यांचं बोलणं निवळलं, आणि थोड्या वेळाने ते आपणहून थांबले. हात वर झाले. ठरावाच्या बाजूने सगळे, विरुद्ध एकटे बाबा. फ्लॅट त्यांच्या नावावर, त्यामुळे आमच्या घरात मत एकच, नाहीतर दोन झाली असती. नळ पुढच्या सोमवारी प्लंबर येऊन बंद करून गेला, हे आत्ताच सांगून टाकते. आता तिथे भिंतीच्या सावलीत एक रांजण आहे. तो कोण भरतं हे सगळ्यांना माहीत आहे आणि ठरावात रांजणाविषयी काही म्हटलेलं नाही.

चिटणीस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची तरुण मुलगी. तिने पेन उचललं आणि दरवेळचं वाक्य दरवेळच्याच सुरात म्हटलं, "ठराव सर्वानुमते मंजूर."

"सर्वानुमते कसा?" काका उभे राहिले. "हा माणूस काय इथे नव्हता?"

"नाही काका, तसं नाही, पण आपण नेहमी..."

"नेहमीचं सोड. बहुमताने मंजूर, असं लिही. एकाचा विरोध. आणि त्याचं नाव लिही, वडिलांच्या नावासकट." मग ते बाबांकडे न बघता, समोर उभ्या असलेल्या स्कूटर्सकडे बघून बोलू लागले. "ह्या माणसाचं म्हणणं मला पटलेलं नाही. आजही नाही. पण इतकी वर्षं मी जे जे मांडलं त्याला हा हो म्हणत आला, आणि मला वाटायचं मी फार शहाणा आहे म्हणून म्हणतो. ते तसं नव्हतं. त्याला पटायचं म्हणून तो हो म्हणायचा. नाही पटलं तेव्हा सगळ्यांसमोर नाही म्हणाला, आणि मी दार लावून घेतलं. ह्या इमारतीत सरळ माणूस कोण असं कुणी विचारलं तर मी ह्याच्या दाराकडे बोट दाखवीन. माझ्या मुलांनाही मी हेच..."

इथे काकांचा आवाज फाटला. वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. डॉक्टरीणबाई रुमाल शोधत होत्या.

बाबा लालबुंद झाले होते. ते अर्धवट उठले, बसले, पुन्हा उठले.

"अरे, पुरे कर! हे असलं माणूस गेल्यावर बोलतात. मी जिवंत आहे अजून!"

"म्हणून तर आज बोललो," काका म्हणाले.